हेलिकॉप्टरचा फेटा

आमच्या ह्यांना सत्काराचा नाद आहे. कुणाला तंबाखूचा असतो, कुणाला पत्त्यांचा. ते परवडले, निदान ते आपला नाद दुसऱ्याच्या डोक्याला गुंडाळत नाहीत. गावात विजेची नवी डीपी बसली तेव्हा ह्यांनी वायरमनला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला आणि डीपीला झेंडूचा हार घातला. महिन्याभरात डीपी जळाली. दुसरी बसवायला तोच वायरमन आला, तर त्याला पुन्हा फेटा. बोअरच्या गाडीचा ड्रायव्हर, गुरांचा डॉक्टर, बदली होऊन चाललेला ग्रामसेवक आणि त्याच्या जागी आलेला ग्रामसेवक, कुणी म्हणून सुटलं नाही. सत्कार करणाऱ्याचं नाव पेपरात सत्कार घेणाऱ्याच्या आधी छापून येतं, हे ह्यांना फार लवकर कळलं होतं.

ह्यांचं नाव रामकिसन. वडाळीचे माजी सरपंच, आणि मनातल्या मनात जिल्हा परिषदेचे सभासद. मी त्यांची बायको, पुष्पा. फेट्याच्या कापडाची लोखंडी पेटी सांभाळणं, एवढंच मला मिळालेलं पद. कापड जुना जालन्यातल्या एका दुकानातून ताग्याच्या ताग्याने यायचं. केशरी रंग, काठाला हिरवी रेघ. ती रेघ ह्यांनी मुद्दाम सांगून घालून घेतली होती. फोटो बघणाऱ्याला लांबून कळावं, हा रामकिसनभाऊंचा फेटा. बांधायला मच्छिंद्र. ह्या मच्छिंद्राची कामं दोनच होती. एक, फेटा बांधणं. दुसरं, हे काहीही बोलले की "बराबर हाय भाऊ" म्हणणं. फेटा तरी तो चांगला बांधायचा.

त्या साली गोदावरीनं काठ सोडला. वडाळी उंचावर, त्यामुळं आमच्या मोसंबीच्या बागेच्या खालच्या अंगाला पाणी शिरलं तेवढंच. पण नदीच्या वळणातली कुरणवाडी पहाटेच पाण्यात गेली. कुरणवाडी हे माझं माहेर. वडील गेलेले, भाऊ नाही, घरात एकटी आई, द्वारकाबाई. ती आणि तिच्या आळीतली माणसं शाळेच्या स्लॅबवर चढून बसली आहेत, एवढाच निरोप आला. मी माळावर उभी राहून बघायची, तर नुसतं पाणी आणि त्यात शाळेचं एक पांढरं टोक. त्या टोकावर माझी आई होती.

मग कळलं की हेलिकॉप्टर येणार आहे. उतरायला कोरडी जागा म्हणजे आमच्या बागेशेजारचा माळ. तहसीलची माणसं आली, त्यांनी चुन्याच्या फक्कीनं मोठं गोल आखलं. हे त्यांच्याही आधी जागे झालेले. गोलाच्या कडेला मांडव, मांडवाला झालर, झालरीला ह्यांचं नाव. नायब तहसीलदारांनी ते बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"भाऊ, हे सगळं काढा. इथं कापड नको, कागद नको, उडणारं काहीच नको. पंख्याचा वारा लई जोराचा असतो."

"बिलकुल साहेब," हे म्हणाले, "माणसाच्या जिवापुढं मांडव काय चीज हाय?"

मांडव काढला. फेट्याचं कापड तेवढं मच्छिंद्राच्या काखेत राहिलं. मी म्हटलं, साहेबांनी कापड नको सांगितलंय. तर हे मला म्हणाले, "अगं, ते कापड कुठाय? त्यो मान हाय. त्यो पोरगा जिवावर उदार होऊन उडून राह्यला, अन् आपुन त्याला साधा फेटा न्हाई बांधायचा? लोक काय म्हंतील?"

लोक काय म्हणतील, ह्या एका प्रश्नावर ह्यांनी जन्म काढला. लोक खरं तर काही म्हणत नाहीत. लोक जेवायला येतात.

हेलिकॉप्टर आलं, शाळेवर जाऊन थांबलं, वरून दोर सोडला, आणि परत आमच्या माळावर उतरलं. त्यातून पहिल्याच खेपेला माझी आई उतरली. एक जवान तिचं डोकं हातानं खाली दाबून, तिला वाकवून बाहेर घेऊन आला. अंगावर ओलं लुगडं, पायात काही नाही. मी तिला धरलं तर ती माझा हात सोडवून उलटी वळली. काचेमागं हेलिकॉप्टर चालवणारा बसलेला होता. आईनं त्याच्यासमोर उभं राहून दोन्ही हात हवेत ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. त्यानं डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला. मिसरूड फुटल्याला फार वर्षं झाली नसतील असं तोंड. तो हसला, हात जोडले, आणि बोटानं नदीकडं दाखवलं. अजून माणसं आहेत, म्हणाला असेल. आवाजात कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं, पण एवढं कुणालाही कळलं असतं.

ह्यांना नाही कळलं. हे नारळ आणि शाल घेऊन थेट त्याच्या नाकासमोर जाऊन उभे. मागं मच्छिंद्र. जवान हातानं हाकलतोय, तर ह्यांना वाटलं तो नमस्कार करतोय. हे खुणेनं सांगताहेत, खाली उतरा, पाच मिनिटं. तो मान हलवतोय, नदी दाखवतोय. हे हलायला तयार नाहीत. अंबडचा फोटोवाला रस्त्यावरच्या पाण्यामुळं पोचला नव्हता, आणि तो येईपर्यंत ह्यांना वेळ काढायचा होता. तिकडं स्लॅबवर बायापोरं, इकडं ह्यांचा फोटो अडलेला. जवान वैतागून दारात चढला.

तेवढ्यात ह्यांनी मच्छिंद्राला खूण केली. फेटा बांधायचा तर आधी कापड पूर्ण उलगडावं लागतं. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, मग त्याला पीळ घालत आणायचं. आमच्याकडं हे लग्नात शेंबड्या पोराला येतं. मच्छिंद्रानं एक टोक ह्यांच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तो मागं सरकायला लागला. पंख्याखाली. कापडात वारं भरलं, ह्यांच्या हातातलं टोक सुटलं, मच्छिंद्राच्याही हातातलं सुटलं, आणि सगळा फेटा हेलिकॉप्टरच्या पाठीवरून मागं गेला. हे दोघं त्याच्यामागं चार पावलं पळाले. समोरची वाट मोकळी झाली तसं त्या पोरानं मशीन वर उचललं. त्याच्या पाठीमागं काय झालं, ते त्याला दिसणार कसं?

शेपटीला केशरी कापड लोंबत होतं. ते बघून माळावर टाळ्या वाजल्या. हो, टाळ्या. सगळं गाव माना वर करून हसत होतं.

"भाऊ, हेलिकॉप्टरलाच फेटा बसला की," मच्छिंद्र म्हणाला. हेही हसले. चांगलं दिसतंय, म्हणाले.

मग शेपटीच्या बारक्या पंख्यानं ते कापड आत ओढलं. हेलिकॉप्टर जागच्या जागी गरगर फिरायला लागलं. फिरत फिरत आमच्या बागेवरून पुढं गेलं, आणि जिथं पुराचं पाणी शिरलं होतं तिथं आडवं आदळलं. शेपूट मोडून निराळं पडलं, ते नदीनं नेलं.

सगळ्यांच्या आधी पळाली ती माझी आई. तिच्यामागं मी आणि दोनतीन पोरं. पोरांनी दारातल्या जवानाला ओढून काढलं. तो जिवंत होता, पण डोक्याला मार लागलेला, शुद्ध नव्हती. पुढच्याला काढायला वेळ लागला. काढला तेव्हा तो गेलेला होता. आईनं पाण्यातच बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि पदरानं त्याच्या तोंडावरचा चिखल पुसत राहिली. तो कुणाचा कोण, तिला माहीत नव्हतं. "लेकरू," एवढंच म्हणत होती.

हे माळावरच उभे होते. मी ओरडले, माणसं पाठवा. तर हे भोवतालच्या लोकांना सांगत होते, "घार होती. घार आडवी आल्ती. तुम्ही पाह्यली ना, घार?"

"बराबर हाय भाऊ," मच्छिंद्र म्हणाला.

एक मेला, एक मरणाच्या दारात, आणि ह्या माणसाला तेवढ्यात घार सुचली. एरवी ग्रामसभेत दोन वाक्यं जुळवताना ह्यांची फेफे उडते.

स्लॅबवर उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी कुरणवाडीच्या भोयांनी गूळ करायच्या काहिलीत बसवून, पोहत पोहत काठाला आणलं. त्यांचा कुणी सत्कार केला नाही. ह्यांना वेळ नव्हता. हे शोकसभेच्या तयारीत होते. शोकसभेत ज्या पोरांनी जवानाला ओढून काढलं, त्यांना फेटे बांधले. त्याच ताग्यातले. मी ते डोळ्यांनी बघितलं आणि मला माझ्या हळदीची लाज वाटली.

शोकसभेच्या दिवशी सकाळीच मी बागेत गेले होते. खालच्या ओळीतल्या एका मोसंबीच्या काट्यात चिंधी अडकलेली होती. केशरी, हिरव्या रेघेची, एका अंगानं चिरफाळलेली आणि काळ्या वंगणानं माखलेली. वंगण मोसंबीला येत नाही आणि घारीलाही येत नाही. मी ती काढून घेतली आणि ज्वारीच्या कणगीत खाली सारून ठेवली.

पोलीस पाटील सर्जेराव ह्यांचे चुलतभाऊ. मी त्यांना गाठून सरळ सांगितलं, घारबिर काही नव्हती, फेटा होता, मी तिथं होते आणि तुम्हीही तिथं होता. ते म्हणाले, "वहिनी, तुमची आई सुटली ना? मंग आनंद करा. इमान कशानं पडलं ते सरकार पाहून घेईन." त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मला चांगलं आठवतंय. गावात ज्याला विचारावं त्याला तेवढ्या वेळेपुरतं काही दिसलंच नव्हतं. आमच्या गावाची नजर तशी चांगली आहे. कुणाच्या घरी कोण पाहुणा आला, ते तीर्थपुरीच्या फाट्यावरून दिसतं.

गावानं तोंड शिवलं ते एक वेळ सोडलं असतं. पण पेपरवाले आले, आणि ह्यांनी घारीला अजून एक शेपूट जोडलं. घार तर होतीच, पण पायलटही फार जल्दीत होता म्हणाले. आम्ही थांबा म्हणत होतो, त्यानं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी छापून आलं की चालकानं घाई केली असावी. हे चहा पिता पिता ते मोठ्यानं वाचत होते. आईच्या हातातली बशी थांबली.

"जावईबापू," ती म्हणाली, "त्यानं घाई केली ती स्लॅबवरच्या लोकांसाठी. त्याला नावं ठेवू नका."

"तुम्हाला न्हाई कळायचं आत्याबाई," हे म्हणाले, "ह्यातलं टेक्निकल लई असतंय."

त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली. ज्यानं माझ्या आईला पाण्यातून आणलं, त्याच्या नावाला बट्टा लागता कामा नये. कुठंतरी त्याचेही आईबाप असतील. पोरगं गेलं ते गेलं, वर त्यांना लोक सांगणार, तुमच्याच पोराची चूक. ह्या माणसाच्या जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी.

मी ह्यांना आत बोलावून म्हटलं, हवाई दलाचे अधिकारी चौकशीला येताहेत, तुम्ही होऊन खरं सांगा, नाहीतर मी सांगते. ह्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"तुझी आई कुठं राहून राह्यली?" हे म्हणाले. "माझ्या घरात. तोंड उघडायच्या आधी तिला पुसून घे, कुरणवाडीत एखांदी भिंत उरली का उभी."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस इतका हलका असेल असं मला वाटलं नव्हतं. मी रडले. रागानं रडले. मला खरंच भीती वाटली. आईचं घर वाहून गेलं होतं, भांडंकुंडंही राहिलं नव्हतं, आणि ह्या वयात तिला मी कुठं ठेवणार होते?

आईनं सगळं ऐकलं होतं. आमच्या घरात भिंती आहेत पण आडोसा नाही.

"पुष्पे," ती म्हणाली, "जावयाच्या घरची भाकर तशीबी माझ्या घशाखाली उतरून न्हाई राह्यली. ज्यानं मला वर उचललं, त्याला मी खाली पाडू व्हय? माझ्यापायी गप बसलीस तर मला त्या स्लॅबवरच सोडलं असतं तर बरं, असं म्हणंन मी."

मग ती उठली आणि आपलं बोचकं बांधायला लागली. बोचक्यात होतं काय, तर मदतीत मिळालेली एक चादर आणि माझी दोन जुनी लुगडी. पण तिनं ती घट्ट गाठ मारून बांधली आणि दाराशी ठेवली.

अधिकारी आले. नागपूरकडचे, मराठी बोलणारे, कमी बोलणारे. त्यांनी आधी माळ बघितला, बाग बघितली, मग जबाब घ्यायला आमच्या ओसरीवर आले. आता कुठल्याही माणसाला वाटेल की निदान ह्या दिवशी तरी हा गृहस्थ गप बसेल. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. ह्यांनी स्वतः फेटा बांधून घेतलेला. शाल घडी घालून तयार, नारळ तयार. अर्धं गाव अंगणात.

"साहेब, आधी तुमचा सत्कार करतो," हे म्हणाले. "आमच्या गावची रीत हाय. आल्या माणसाला रिकाम्या डोक्यानं पाठवत न्हाईत."

अधिकारी नको नको म्हणत होते. पण ह्यांच्यापुढं हेलिकॉप्टर हललं नाही तिथं तो माणूस काय हलणार? ह्यांनी मला हाक मारली, "अगं, औक्षणाचं ताट आण." आणि मच्छिंद्राला खूण केली.

मी आत गेले. ताटात निरांजन लावलं, कुंकू ठेवलं, अक्षता ठेवल्या, सुपारी ठेवली. कणगीत हात घातला आणि ती चिंधी काढून निरांजनाशेजारी नीट पसरून ठेवली. आई दाराशी बोचक्याजवळ उभी होती, तिनं माझ्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

बाहेर आले तर मच्छिंद्रानं कापड उलगडलेलं. एक टोक ह्यांच्या हातात, दुसरं त्याच्या. ओसरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत केशरी कापड आणि त्याची हिरवी रेघ, साहेबांच्या बरोब्बर नाकासमोर. मी त्यांना कुंकू लावलं आणि ताट पुढं धरलं. त्यांनी चिंधी बघितली. उचलली. बोटावर वंगण घेऊन चोळून बघितलं. मग नुसती मान वर करून समोरच्या कापडाकडं बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"त्या दिवशीपण असंच धरलं होतं का?" त्यांनी मच्छिंद्राला विचारलं. अगदी साध्या आवाजात.

"बराबर हाय साहेब," मच्छिंद्र म्हणाला.

त्याला आयुष्यात दुसरं उत्तर शिकवलेलंच नव्हतं. बोलून झाल्यावर त्यानं ह्यांच्या तोंडाकडं बघितलं, आणि मग त्याच्या हातातलं टोक गळालं.

"आणि 'थांबा' म्हणत हे हेलिकॉप्टरसमोर उभे होते का?" साहेबांनी पुढं विचारलं.

मच्छिंद्र खाली पडलेलं टोक गोळा करायला लागला. मी म्हटलं, होते. सगळं सांगते, लिहून घ्या. आणि सगळं सांगितलं, मांडव काढायला लावला तिथपासून ते घारीपर्यंत. अंगणात एवढी माणसं होती. आता सगळ्यांना आपापल्या पायाच्या अंगठ्यात काहीतरी दिसत होतं. सर्जेराव तर केव्हाच निघून गेले होते.

"साहेब, बायामाणसाचं काय मनावर घेता," हे म्हणाले. "आईपायी तिच्या डोक्यावर परिणाम झालाय."

"तुम्ही गाडीत बसा," अधिकारी म्हणाले. "अंबडला चला. पोलिसांसमोर बोलू." मग वही उघडून माझ्याकडं वळले. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

"सांगते," मी म्हटलं. "आधी त्याचं सांगा."

कारण तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं की शोकसभा झाली, फेटे झाले, पेपरात आलं, पण ह्या सगळ्या गावात त्या पोराचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. हे भाषणभर नुसतं "पायलटसाहेब, पायलटसाहेब" करत होते.

अधिकाऱ्यांनी वहीवरची मान वर केली. "ललितमोहन," म्हणाले. "पहाडातला होता, अल्मोड्याकडचा. तिकडं आई आहे."

"ललितमोहन," आई दारातून म्हणाली. आणखी एकदा म्हणाली, जरा हळू. "त्याच्या आईला सांगा साहेब, चूक त्याची नव्हती. मी व्हते तिथं."

"सांगतो," ते म्हणाले, आणि त्यांनी तसं लिहूनही घेतलं.

हे गाडीत बसले. पुढच्या सीटवर बसायला निघाले होते, त्यांना मागं बसवलं. डोक्यावरचा फेटा काढायचं त्यांना सुचलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. गाडी तीर्थपुरीच्या रस्त्याला लागली तरी मागच्या काचेतून तो केशरी फेटा आणि हिरवी रेघ दिसत होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणाला तरी सत्काराला घेऊन चाललेत.

अंगणातली माणसं एकेक करून पांगली. आईनं दाराशी ठेवलेलं बोचकं उचललं.

"चल पुष्पे," ती म्हणाली, "कुठं जायाचं ते वाटंनं ठरवू."

"ठेव ते खाली," मी म्हटलं. "आता घरात जागा झालीय."